वाळूजमध्ये गोंधळाला रात्र कुठून आणायची?

नोव्हेंबर 2025 मध्ये गोव्यात 56वा इफ्फी झाला. त्यात 'गोंधळ' या मराठी चित्रपटासाठी संतोष डावखर यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला. लग्नानंतरच्या गोंधळाच्या रात्रीभोवती हा चित्रपट फिरतो. पुरस्काराची बातमी आली आणि आपल्या टाइमलाइनवर पुन्हा एकदा संबळ वाजायला लागला. दिवटी, कवड्यांची माळ, घोळदार झगा आणि तीस सेकंदांची रील.

रीलवर गोंधळ जोरात आहे. पण ज्या घरासाठी तो असतो, त्या घरात काय चाललंय?

समजा, परभणी जिल्ह्यातल्या एका गावातलं कुटुंब आहे. मुलगा वाळूज एमआयडीसीत कंपनीत लागला. रांजणगाव शेणपुंजीत भाड्याची खोली घेतली. दोन वर्षांनी आई-वडीलही इकडे आले. मे महिन्यात मुलाचं लग्न झालं. आता आई म्हणते, "कुळाचार राहिलाय बाबा, जागरण-गोंधळ घालायचाय."

मुलगा नाही म्हणत नाही. पण त्याच्यासमोर चार प्रश्न असतात. अंगण कुणाचं? दहानंतर आवाजाचं काय? उद्याची पहिली शिफ्ट कोण करणार? आणि गावाकडे जाऊन करायचं तर रजा किती दिवसांची टाकायची?

हे चार प्रश्न एकट्या वाळूजचे नाहीत. चाकण, भोसरी, बुटीबोरी, सातपूर, जिथे जिथे गाव सोडून माणसं कामाला आली तिथे ते आहेत. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे, जवळपास हेच प्रश्न 90 वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या खेड्यांनाही पडले होते. तिकडे काय झालं ते पुढे पाहूच. आधी आपलं समजून घेऊ.

गोंधळ आणि जागरण म्हणजे नेमकं काय?

रोजच्या मराठीत 'गोंधळ' म्हणजे गडबड, सावळा गोंधळ. विधी मात्र अतिशय शिस्तीचा असतो.

गोंधळ देवीचा. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही त्याची मुख्य दैवतं. गोंधळ्यांमध्येही कदमराई आणि रेणुराई अशा दोन शाखा आहेत. घरात चौक मांडतात. धान्याची रास, कलश, वर उसाची किंवा ज्वारीच्या धाटांची खोपटी, दिवटी. मुख्य गोंधळी म्हणजे नाईक कथा सांगतो. त्याच्या सोबतीला संबळवाला, तुणतुणंवाला, झांजवाला. यातला एक साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, चेष्टा करतो, लोकांना हसवतो.

जागरण खंडोबाचं. ते वाघ्या-मुरळी करतात. तिथे दिमडी, तुणतुणं, घाटी आणि भंडारा. कथा खंडोबा-म्हाळसा-बानूची. मराठवाड्यात आणि इतरत्रही अनेक घरांत दोन्ही कुळाचार एकाच रात्री होतात, म्हणून तोंडात 'जागरण-गोंधळ' असा जोडशब्द बसलाय.

रात्रीचे टप्पे ठरलेले असतात. आधी गण. मग आवाहन. त्यानंतर देवीची स्तुती आणि गाणी, म्हणजे पूर्वरंग. मग उत्तररंग, यात मोठं आख्यान. गद्य, पद्य, अभिनय, नाच, विनोद, सगळं त्यात येतं. आणि पहाटे आरती.

या प्रकाराची मुळं शोधायला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. देवगिरीच्या यादवांच्या काळात, 13व्या शतकात, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात 'गौंडली' नावाच्या नृत्यप्रकाराचं वर्णन आहे आणि काही अभ्यासक गोंधळाचा धागा तिथपर्यंत नेतात. 16व्या शतकात पैठणच्या एकनाथांनी गोंधळी, वाघ्या, मुरळी, वासुदेव अशा लोकांच्या ओळखीच्या रूपांवर भारुडं रचली. देवगिरी आणि पैठण, दोन्ही ठिकाणं आज वाळूजहून गाडीने सहज गाठता येतात.

रात्रभरच का?

एक कारण विधीचं. देवीला दिवटीच्या उजेडात बोलवायचं आणि उजाडल्यावर निरोप द्यायचा.

दुसरं कारण साधं आहे. शेतावरची माणसं दिवसा कामात असतात. रात्र हाच सगळ्यांचा मोकळा वेळ होता. पाहुणे जेवून बसायचे, पोरं पेंगायची, म्हातारी माणसं मध्येच 'पुढं काय झालं?' विचारायची. आख्यान लांबत जायचं, कारण ऐकणाऱ्यांना घाई नव्हती.

आता आवाहनाकडे जरा लक्ष द्या. त्यात गोंधळी गावोगावच्या देवतांना नाव घेऊन बोलावतो. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा. आणि यजमानाच्या घरचं दैवत, गावचं दैवत. म्हणजे राज्याच्या नकाशावर त्या घराचं गाव मोठमोठ्या क्षेत्रांच्या पंक्तीत येऊन बसतं.

गावात राहणाऱ्याला याचं फार काही वाटत नसेल. पण गाव सोडून आलेल्या माणसाच्या दृष्टीने ही साधी यादी नाही. बजाजनगरात जन्मलेल्या नातवाच्या कानावर त्याच्या गावदेवीचं नाव एवढ्या मोठ्याने दुसरीकडे कुठे पडणार?

कायदा काय सांगतो?

2000 सालचे ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम देशभर लागू आहेत. रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6. या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2005 च्या निकालात ही बंदी उचलून धरली.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं फारसं माहीत नसतं.

एक. 2010 च्या दुरुस्तीनंतर बंदी फक्त लाउडस्पीकरवर राहिलेली नाही. आवाज निर्माण करणारं साधन, वाद्य आणि अॅम्प्लिफायर यांचाही त्यात समावेश झाला. म्हणजे "आम्ही माइक लावलाच नाही, नुसता संबळ वाजवतोय" हे उत्तर दहानंतर उघड्यावर पुरेसं नाही.

दोन. बंदिस्त जागेला सूट आहे. सभागृह, समाजमंदिराचा हॉल, बँक्वेट हॉल अशा ठिकाणी आतल्या आत कार्यक्रम चालू शकतो. मात्र आवाज बाहेर किती जातो यालाही मर्यादा आहे.

तीन. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 10 ते 12 अशी सवलत देऊ शकतं. हे दिवस आधी जाहीर करावे लागतात. गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, 31 डिसेंबर अशा दिवसांची यादी त्यातूनच निघते.

चार. डेसिबलची मर्यादा भागानुसार बदलते. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45. औद्योगिक भागात दिवसा 75 आणि रात्री 70. वाळूजमध्ये कारखाना आणि घर यांच्यात कधी कधी एका रस्त्याचंच अंतर असतं, तिथे हे आकडे वाचून जरा विचित्र वाटतं.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच नियमांच्या अंमलबजावणीवरून पोलिसांना खडे बोल सुनावले. लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करा, आधी समज द्या, मग दंड करा, तरीही ऐकलं नाही तर साहित्य जप्त करा, असा क्रमही सांगितला.

हे योग्यच आहे. कर्ण्याचा आवाज सहन करणारा माणूसही त्याच वस्तीतला असतो. शेजारच्या खोलीत दहावीची मुलगी अभ्यास करत असते, कुणी आजारी असतं, कुणी पहाटे पाचला उठून बस पकडणार असतं. झोप हा श्रीमंतांचा हट्ट नाही. कामगार वस्तीत तर झोप म्हणजे दुसऱ्या दिवशीची सुरक्षितता. प्रेस मशीनवर पेंगणाऱ्या माणसाची बोटं जातात.

मग अडचण कुठे आहे?

वरच्या नियमांतला दुसरा आणि तिसरा मुद्दा पुन्हा वाचा.

15 दिवसांची सवलत कुणाला मिळते? सार्वजनिक उत्सवांना. ज्यांच्यामागे मंडळ आहे, वर्गणी आहे, मिरवणूक आहे, त्यांना. गणेशोत्सवाला तर राज्य सरकारने 2025 मध्ये राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. एका घरचा गोंधळ मात्र कुणाच्याच यादीत नाही. तो सूनमुख पाहिल्यानंतर सोयीचा दिवस बघून होतो. त्या दिवसाला सवलत जाहीर करा म्हणून कोण मागणी करणार?

वाळूजमध्ये हा फरक डोळ्यांनी दिसतो. इथल्या छोट्या पंढरपुरात आषाढीला प्रचंड गर्दी होते. आसपासच्या गावांच्या दिंड्या येतात, कामगार कुटुंबं दर्शनाला येतात, रस्त्याची वाहतूक वळवली जाते. प्रशासन सोय करतं आणि करायलाच हवी. सार्वजनिक उत्सवाला शहर जागा करून देतं. घरगुती विधीला मात्र स्वतःची जागा स्वतः शोधावी लागते.

आणि बंदिस्त जागेची सूट कुणाला मिळते? ज्याला हॉल परवडतो त्याला. मंगल कार्यालयं आहेत, पण त्यांचे दर लग्नाच्या हिशोबाने ठरतात. नुकतंच लग्न उरकून कर्जात असलेल्या घराने पुन्हा एका रात्रीसाठी हॉल घ्यायचा, हे जमणारं नाही. म्हणजे कायद्याने एक दार उघडं ठेवलंय, पण त्या दाराला भाडं आहे.

शिवाय कायदा हे एकच कारण नाही. कायदा उद्या शिथिल झाला तरी वाळूजमध्ये रात्र मोकळी होणार नाही.

1985 मध्ये बजाज ऑटोचा वाळूज कारखाना सुरू झाला. त्यामागोमाग सुटे भाग बनवणारे कारखाने आले. बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, वडगाव कोल्हाटी, सगळीकडे वस्ती वाढली. मराठवाड्यातून आणि विदर्भातून माणसं आली. एका मजल्यावर चार-सहा खोल्या, प्रत्येक खोलीत एक संसार किंवा चार बॅचलर पोरं, आणि घरमालकाच्या मालकीची गच्ची, हे चित्र इथे नवीन नाही. आणि शेतातल्या घड्याळाच्या जागी शिफ्टचं घड्याळ आलं.

गावात सगळ्यांची रात्र एकाच वेळी यायची. शिफ्टच्या वस्तीत तसं होत नाही. एकाची पहिली शिफ्ट, दुसऱ्याची दुसरी, तिसरा रात्रपाळीला. एका भावकीतल्या दहा माणसांना एकाच रात्री मोकळं करायचं तर सणच यावा लागतो. त्यात 3 सप्टेंबर 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दैनंदिन मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा आणि जादा कामासाठी कामगाराची संमती या अटी त्यात आहेत. पण ज्या दिवशी 12 तास काम होईल, त्या रात्री आख्यान ऐकायला कोण बसणार?

कात्री कुठे लागते?

रात्र मिळत नाही म्हटल्यावर लोक विधी सोडून देत नाहीत. तो आखूड करतात. संध्याकाळी सातला सुरू करायचा, दहाला आरती.

आता विचार करा. दहा तासांचा कार्यक्रम तीन तासांत बसवायचा तर काय काढाल?

चौक काढता येत नाही, तो विधी आहे. आवाहन काढता येत नाही, देव नाराज होतील. आरती काढता येत नाही. संबळ आणि गाणी काढली तर लोक म्हणतील, मजा नाही आली. शिवाय मोबाइल वर करून सगळे तेच शूट करत असतात. मग उरतं काय? आख्यान. तासन्‌तास चालणारी गोष्ट.

म्हणजे पहिली कात्री कथेला लागते. विधी राहतो, संगीत राहतं, नाच राहतो, आणि ज्यासाठी लोक रात्रभर बसायचे ती गोष्ट पंधरा मिनिटांत आटोपते.

यात नुकसान काय? गाणं रेकॉर्ड होतं. यूट्यूबवर सापडतं. पण आख्यान म्हणजे पाठ केलेला मजकूर नसतो. समोर कोण बसलंय ते बघून नाईक ते फुलवतो. यजमानाच्या गावातली ओळखीची माणसं त्यात आणतो, साथीदार सासऱ्याची फिरकी घेतो, मध्येच महागाई येते, राजकारण येतं. ती कला करता करताच येते. ज्या गोंधळ्याला वर्षभर कुणी तीन तासांपेक्षा जास्त वेळ दिला नाही, त्याच्या पोराला दहा तासांचं आख्यान येणार कुठून? आणि एकदा सांगता येणारा माणूस गेला की उद्या कितीही मोठा हॉल बांधा, त्यात सांगायला काही उरत नाही.

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये काय झालं?

स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या गेलिक भाषक भागात असाच एक प्रकार होता. त्याचं नाव 'केइली'. मूळ शब्दाचा संबंध 'सोबती' या अर्थाशी आहे आणि केइलीचा जुना अर्थ भेटीला जाणं, शेजाऱ्याकडे बसायला जाणं असा होतो. हिवाळ्याच्या लांब रात्री गावातल्या एखाद्या घरात सगळे जमायचे. शेगडीभोवती गोष्टी, गाणी, कोडी, फिडल, नाच. तिकीट नाही आणि स्टेजही नाही. ज्याला जे येतं ते त्याने सादर करायचं.

तिथे गोंधळासारखा पूजाविधी नव्हता आणि सांगणाऱ्यांची वेगळी जातही नव्हती. हा फरक मोठा आहे. पण घर, रात्र, शेजार, गोष्ट आणि वाद्य या पाच गोष्टी सारख्याच.

मग दोन गोष्टी घडल्या.

पहिली, लोक गाव सोडून शहरात गेले. 30 ऑक्टोबर 1897 रोजी लंडनमध्ये गेलिक लीग या संस्थेने ब्लूम्सबरी हॉलमध्ये सार्वजनिक केइली भरवला. आधुनिक केइलीची सुरुवात तिथून धरली जाते. म्हणजे आज जगभर 'पारंपरिक आयरिश' म्हणून जो समारंभ ओळखला जातो, तो या रूपात पहिल्यांदा झाला तो आयर्लंडमधल्या कुठल्या खेड्यात नाही, तर परक्या शहरातल्या भाड्याच्या हॉलमध्ये, आणि तोही गाव सोडून आलेल्या लोकांनी केलेला.

दुसरी, कायदा आला. 1935 मध्ये आयर्लंडमध्ये सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा झाला. सार्वजनिक नाचाला न्यायालयाकडून परवाना सक्तीचा झाला. कायद्याचा रोख खरं तर डान्स हॉलवर होता. पण पाद्री आणि पोलीस यांनी त्याचा धाक घरातल्या आणि चौकातल्या नाचांनाही दाखवला. घरगुती बैठका कमी होत गेल्या आणि परवाना असलेल्या हॉलमध्ये, मोठ्या वाद्यवृंदासह केइली होऊ लागले. अर्थात याला एकटा कायदाच जबाबदार नव्हता. स्थलांतर, रेडिओ, बदललेली आवडनिवड हेही होतंच.

परिणाम काय झाला? केइली मेला नाही, उलट तो आज लोकप्रिय आहे. स्कॉटलंडमध्ये लग्नात केइली बँड लावतात, कॉलेजची पोरं नाचतात. पण आज बहुतेकांच्या दृष्टीने केइली म्हणजे नाच. शेगडीजवळची गोष्ट त्यातून बरीचशी निघून गेली.

तिथेही आधी कथाच गेली. आपल्याकडचा तीन तासांचा गोंधळ त्याच वाटेवर आहे.

या गोष्टीत आशाही आहे. 1897 चा लंडनचा कार्यक्रम सांगतो की स्थलांतरित लोक परंपरा फक्त हरवत नाहीत, ते तिला नवं घरही देऊ शकतात. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक हॉल आणि एकत्र येऊन ठरवणारी माणसं.

आणि गोंधळ्यांचं काय?

गोंधळाबद्दल हळवं होऊन बोलताना एक गोष्ट विसरता कामा नये. केइलीत शेजारीच गाणारा होता. आपल्याकडे गाणाऱ्याची जात ठरलेली होती. गोंधळी समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे. पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या दारात जाऊन देवीचं नाव घेणं हे त्यांचं काम आणि बिदागी देणाऱ्याच्या मर्जीवर त्यांचं पोट. मुरळीची कहाणी तर आणखी कठीण. देवाला मुली सोडण्याच्या प्रथेमागे शोषण होतं आणि त्याविरुद्ध मुंबई प्रांतात 1934 मध्येच कायदा करावा लागला.

त्यामुळे गोंधळ्याच्या मुलाने आयटीआय करून वाळूजच्या कंपनीत नोकरी धरली, तर ती संस्कृतीची हानी म्हणून रडायची गोष्ट नाही. तो त्याचा हक्क आहे. परंपरा टिकवायची जबाबदारी त्याच्या गरिबीवर टाकता येणार नाही.

मग ती कुणावर? या प्रश्नाला एक उत्तर मराठवाड्यानेच दिलं होतं. परभणीच्या राजारामभाऊ कदम यांनी गोंधळ घराच्या चौकातून रंगमंचावर नेला आणि कलावंत म्हणून मान मिळवला. विधी करणारा म्हणून नाही, तर कला जाणणारा म्हणून. सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनाही आहे. पात्र ज्येष्ठ कलावंतांना त्यातून महिन्याला 5,000 रुपये मिळतात. पण नावातच आहे तसं, हे मानधन ज्येष्ठांसाठी. वीस वर्षांच्या पोराला आख्यान शिकायचं असेल, मग ते कुठल्याही जातीचं असो, तर त्याला वेळ आणि पैसा कोण देणार, याचं उत्तर त्यात नाही.

काय करता येईल?

इथे 'परंपरा विरुद्ध कायदा' अशी कुस्ती लावायची गरज नाही. दहाचा नियम राहू दे. तो राहूनही बरंच करता येतं.

पहिली गोष्ट, नियम नीट वाचायचा. नियमाने दहानंतर उघड्यावर काय बंद होतं? स्पीकर, वाद्य, अॅम्प्लिफायर. तोंडाने सांगितलेली गोष्ट त्यात येत नाही. म्हणजे कायदा संबळ थांबवतो, कथा थांबवत नाही. आणि आपण मात्र संबळ वाचवण्यासाठी कथा कापतोय! क्रम उलटा करून बघता येईल. सातला सुरू करा. विधी, आवाहन, संबळ, नाच, सगळं दहाच्या आत. आरती पहाटेसाठी राखून ठेवा. मग दिवटी मंद करा, माइक बंद करा, आणि घरात बसून, शेजाऱ्याची झोप न मोडता, नाईकाला नुसत्या आवाजात गोष्ट सांगू द्या. गाण्याचे तुकडे कमी होतील, पण संवाद आणि विनोद राहील. ज्यांची पहिली शिफ्ट आहे ते उठून जातील. ज्यांना बसायचंय ते बसतील.

दुसरी गोष्ट, हॉल. नियमातली बंदिस्त जागेची सूट खऱ्या अर्थाने सगळ्यांना मिळायची असेल, तर कामगार वस्तीत स्वस्त भाड्याचं, आवाज बाहेर न जाणारं सभागृह हवं. त्यात गोंधळ होईल, तसंच कव्वालीची मैफल होईल, भीमगीतांचा कार्यक्रम होईल, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची बिरह्याची बैठकही होईल. ग्रामपंचायत, एमआयडीसी, सिडको आणि कंपन्यांचा सीएसआर निधी, मागणी करायला दारं बरीच आहेत. वाळूजमधून दरवर्षी निघणाऱ्या गाड्यांची संख्या बघता, त्या बनवणाऱ्यांसाठी एक हॉल ही मोठी मागणी नाही.

तिसरी गोष्ट, आख्यानाची नोंद. रील नाही, पूर्ण रात्र. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. आपल्या भागातल्या गोंधळ्यांची पूर्ण आख्यानं, त्यांच्या परवानगीने आणि मोबदला देऊन ध्वनिचित्रमुद्रित करणं, हे एखाद्या बॅचचं काम होऊ शकतं.

आणि चौथी गोष्ट तुमच्या-माझ्या हातातली. पुढच्या वेळी कुणाच्या घरी जागरण-गोंधळाला गेलात, तर संबळाचा व्हिडिओ जरूर काढा. पण आख्यान सुरू झाल्यावर मोबाइल खिशात ठेवून तिथेच बसा. उठून जाणाऱ्यांकडे बघूनच नाईक कथा आखूड करत असतो.

त्या परभणीच्या आईकडे परत जाऊ. तिला चित्रपटाचा पुरस्कार माहीत नाही, डेसिबलही माहीत नाहीत. तिला एवढंच हवंय की नव्या सुनेसमोर, या अनोळखी वस्तीत, कुणीतरी तुळजापूर-माहूरच्या बरोबरीने तिच्या गावाचं नाव घ्यावं आणि मग घरच्या देवाची गोष्ट शेवटपर्यंत सांगावी. दहानंतर हळू आवाजात सांगितली तरी तिला चालेल.